मदत हवी आहे: ऑइल चेंबर बसवताना पॅकिंग, सिलिकॉन की दोन्ही?

नमस्कार मंडळी. भोरहून वरंध घाटाकडे जाताना गाडीच्या पोटाला दगड लागला आणि ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं) चेपला. ड्रेन बोल्टच्या बाजूला बारीक चीर आहे, तिथून ऑइल पाझरतंय. एम-सील लावून गाडी कशीबशी घरी आणली, पण आता चालवायची हिंमत होत नाही. चेंबर आत दबला की स्ट्रेनरच्या (पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या) तोंडाशी जागा कमी होते आणि पंपाला ऑइल पुरत नाही, एवढं माहीत आहे.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, चेंबर पत्र्याचा. नवा आणलाय, घरीच बसवणार आहे. कंपनीच्या जोडणीत पॅकिंग (सांध्यात बसवायची कापलेली गॅस्केट) नाही, नुसतं सीलंट (ट्यूबमधून लावायचं सिलिकॉन) आहे. आमचे मेकॅनिककाका म्हणतात, "पॅकिंग कापून लाव, वरून दोन्हीकडे सिलिकॉन मार, जन्मात गळणार नाही." मला ते पटत नाहीये. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. बोल्ट किती आवळायचे आणि ऑइल कधी भरायचं, तेही हवंय.

प्रतिसाद १
दोन्ही एकत्र नको. सिलिकॉनवर पॅकिंग सरकतं, बोल्ट आवळताना बाहेर येतं. तुमच्या गाडीला नुसतं सीलंटच, तेही इंजिन ऑइल सोसणारं.

खरं काम साफसफाईचं आहे. ऑइल काढून गाडी रात्रभर तशीच ठेवा, नाहीतर ब्लॉकवरून (चेंबर ज्याला खालून बसतो त्या इंजिनच्या मुख्य भागावरून) थेंब उतरत राहतात आणि पुसलेली कड पुन्हा तेलकट होते. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर जुनं सीलंट स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, चरा पडला की तिथूनच गळती. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, मग ब्रेक क्लीनरने पुसा. नवा चेंबर सपाट फरशीवर उपडा ठेवून कड वाकलेली नाही ना, तेही बघा.

सीलंटची साधारण ३ मिमी जाडीची, न तुटलेली रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) ब्लॉकला मिळतं त्या सांध्यावर थोडं जास्त. बाकी कुठे जास्त लावायचा मोह टाळा. आत पिळून आलेला तुकडा सुटला की स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो, आणि मग इंजिनच जातं.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेर, आलटून पालटून. ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला बसतात, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. जोर केला तर पत्रा वाकतो.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर. स्ट्रेनर काढलात तर त्याची ओ-रिंग नवी टाका आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही बदला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, जॅक स्टँड हवेतच.

धागाकर्ता
मनापासून आभार. पॅकिंगचा विषय संपला. सीलंट लावल्यावर किती वेळ थांबू?

प्रतिसाद १
ट्यूबवर लिहिलंय तेवढा. बऱ्याच सीलंटना पूर्ण सुकायला २४ तास लागतात. मगच ऑइल भरा. इंजिन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.