बाळ्याची उंची आणि शेन विल्यम्स

वहिनी (कार्डिफ): सर्वांना नमस्कार. बाळ्याला शाळेच्या रग्बी संघातून उंचीमुळे पुन्हा वगळले असून कालपासून तो नीट जेवलेलाही नाही. इथे जो तो त्याला वेल्सचा रग्बीपटू शेन विल्यम्सचे नाव सांगून समजावतो. त्या खेळाडूचे नेमके काय झाले होते?

नानाकाका: सूनबाई, त्याची उंची जेमतेम ५ फूट ७ इंच होती, तरी वेल्ससाठी ८७ सामन्यांत ५८ आणि लायन्ससाठी (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) २, असे ६० ट्राय त्याने केले; ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे. विषय संपला.

दादा (पुणे): नाना, विषय इतक्यात संपत नाही. २००० साली फ्रान्सविरुद्ध पदार्पण केल्यावर दुखापतींनी आणि ‘अंगाने लहान’ या शेऱ्याने तो मागे पडला. २००३ च्या विश्वचषकाला त्याला नेले, तेही विंगर म्हणून नव्हे, तर तिसरा स्क्रम-हाफ, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यातून चेंडू काढून पुढे देणारा गडी, म्हणून.

धाकटे काका: विंगर म्हणजे नाटकाच्या विंगेत उभा राहणारा, असे आमच्या हिला आजवर वाटत होते.

काकू: मला काय वाटत होते ते मी सांगेन. कडेच्या रेषेलगत धावणारा गडी, एवढे मलाही कळते.

नानाकाका: कृपया मूळ मुद्दा पाहावा : ६० ट्राय.

आत्या (ठाणे): त्याच विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध त्याला संधी मिळाली आणि ३७-५३ अशी हार होऊनही त्याच्या ट्रायची चर्चा झाली, हे महत्त्वाचे नाही का? समोरचा ज्या पायावर भार टाकील, त्याच्या उलट बाजूने तो निसटत असे. तिथे उंची काय कामाची?

दादा (पुणे): मान्य. २००८ मध्ये कार्डिफला फ्रान्सविरुद्ध ४१ वा ट्राय करून त्याने वेल्ससाठी सर्वाधिक ट्रायचा गॅरेथ थॉमसचा विक्रम मोडला, वेल्सने ग्रँड स्लॅम जिंकला (म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकले) आणि त्याच वर्षी तो जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु नाना, क्षमा असावी, शाळेच्या कबड्डी संघात माझे नाव आले तेव्हा ‘एवढ्याशा अंगाने काय खेळणार’ म्हणून मला शिकवणीला बसवले, ते आपणच.

नानाकाका: तो प्रसंग वेगळा होता. आकडा पुन्हा देतो : ५८ अधिक २.

वहिनी (कार्डिफ): त्याचा २०११ चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा निरोपाचा सामना बाळ्याने आत्ताच पाहिला. वेल्स हरले, पण अगदी शेवटच्या क्षणी त्याने केलेला ट्राय बाळ्याने तीनदा मागे नेऊन पाहिला आणि मग जेवला. उद्या तो प्रशिक्षकांना स्क्रम-हाफच्या जागेविषयी विचारणार आहे.