भोरड्यांचा थवा आणि गेममधली झुंड

गेम नि ॲनिमेशनवर पीएचडी करून काय दिवे लावणार, असं कुणी कुणी विचारतात. एकच उदाहरण देतो. आमच्याकडे तापीकाठी दादर ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या (गुलाबी मैना) उतरतात. गोफण फिरली की अख्खा थवा उठतो, हवेतच वळतो आणि शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतो (मग तिकडून शिव्या सुरू). टक्कर नाही, पुढारीही नाही.

हे कॉम्प्युटरवर कसं उतरवायचं, ते क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने १९८७ साली सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेतल्या शोधनिबंधात मांडलं. प्रत्येक पाखराला नियम तीनच: शेजाऱ्याला धडकू नको, त्याच्या वेगाशी नि दिशेशी जुळवून घे, घोळक्याच्या मध्याकडे सरक. गेममधल्या माशांच्या, जनावरांच्या झुंडींना अजूनही हाच पाया पुरतो. रेनॉल्ड्सने ठरावीक अंतरातले शेजारी धरले होते. पुढे रोममध्ये भोरडीच्याच चुलत भावंडांचे, म्हणजे युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे कॅमेऱ्यांनी मोजले, तेव्हा २००८ साली निघालं की अंतर कितीही असो, पक्षी जवळच्या सहा-सातांचाच अंदाज घेतो. ते काम भौतिकशास्त्रवाल्यांचं!

जळगावच्या विद्यापीठात संगणकशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे. भोरड्या तर फुकटच. लावा की कुणीतरी कॅमेरे.