परड्यातली कोंबडी: इलाज सांगा, फजितीही सांगा

कळंबा (धागा काढणारी)

गेल्या रविवारी आमची एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पंख सोडून परड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, लसूण चार. शेजारच्या काकी म्हणाल्या, हळद आणि गूळ. मिस्टर म्हणाले, रस्सा. तिसरा सल्ला सोडून सगळं केलं. संध्याकाळी बाईसाहेबांनी एक मऊ, बिनकवचाचं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं अंडं घातलं आणि उठून दाणे टिपायला लागल्या. म्हणजे अंडं अडलं होतं. मी मात्र दुपारपासून चार जणींना फोन करून लसणाचे गुण सांगत बसले होते!

म्हणून हा धागा. आमच्या 9 कोंबड्या आणि 1 कोंबडा. ज्यांच्याकडं परड्यात, गच्चीवर, गोठ्यामागं कोंबड्या आहेत त्यांनी स्वतः केलेला इलाज सांगावा. फसला असेल तर आधी तो सांगावा. "अमक्यानं सांगितलंय" नको, ते फोनवर रोज येतंच.

कागल तालुका

मग पहिली फजिती माझी. आमच्याकडं तंबाखू घरचीच, पलीकडं निपाणी. पाचेक वर्षांखाली कोंबड्यांना उवा झाल्या, कोंबडी हातात धरली की मनगटापर्यंत चढायच्या. थोरले चुलते म्हणाले, तंबाखूच्या पाण्यात बुडवून काढ, एक ऊ राहणार नाही. खरंच एक ऊ राहिली नाही. दोन कोंबड्याबी राहिल्या नाहीत. तासाभरात तोल जायला लागला, मग माना टाकल्या. कोंबडी भिजली की चोचीनं पिसं साफ करती, म्हणजे विष कातडीतनंबी गेलं आणि पोटातनंबी. तंबाखूचं पाणी आम्ही पिकावर किडीला मारतोय, तेच कोंबडीला अंघोळ म्हणून घातलं, काय बोलायचं.

आता जुन्या टायरात चुलीची गार राख आणि बारीक माती निम्मी-निम्मी भरून ठेवलीय. दुपारी आपणहून जाऊन लोळतात. पण एकदा लोळून भागत नाही. लिखा पिसांच्या बुडाला चिकटून असतात, त्या आठवडाभरात फुटतात. टायर कायमचा ठेवा, पावसाचं पाणी जाऊ देऊ नका.

कळंबा

राख कसलीही चालते का?

कागल तालुका

लाकडाची, शेणीची. आमची सूनबाई चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या घालती, तसली नको. आणि रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. बारीक तांबडे किडे फटीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी किती बघितली तरी सापडत नाहीत. फटी बुजवून चुना मारला तेव्हा आमच्या कोंबड्यांचे तुरे परत लाल झाले.

मंगळवार पेठ

आमच्या वाड्यात एक कोंबडी आहे, अंडं घातलं की स्वतःच फोडून खायची. मी आयडिया केलो. रिकाम्या टरफलात घरचा कांदा-लसूण मसाला, वर अजून तिखट, असं गच्च भरून तिच्यापुढं ठेवलो. म्हटलं, आता बस बोंबलत. तिनं सगळं चाटून-पुसून खाल्लं आणि अजून हुडकायला लागली! आमच्या आज्जीच्या मसाल्याला एवढी दाद पाहुण्यांनीपण दिली नसेल.

नंतर कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, पक्ष्यांना मिरचीचा जाळ कळतच नाही. पोपट मिरच्या खातोय ते काय धाडस म्हणून नाही. मग अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवलो. चोच मारून मारून कंटाळली. अंडी सकाळी लवकर उचलायला लागलो, आणि टरफलं भाजून, बारीक कुटून खाण्यात घालतो. कवच सगळं चुन्याचंच असतंय, चुना कमी पडला की पातळ होतंय, फुटतंय, मग चटक लागतीय. कळंब्याच्या ताई, तुमच्या तलंगेलापण तेच द्या. टरफल ओळखू येईल असं तुकड्यात देऊ नका, नाहीतर तुम्ही तिला शिकवल्यागत होईल.

(मराठीच्या बाईंनी "केले, ठेवले" म्हणायला लई शिकवलं. येत नाही.)

गगनबावडा रस्ता

इकडं जून ते सप्टेंबर कोंबडीसुद्धा कंटाळते. खाली अंथरलेलं भाताचं तूस एकदा भिजलं की रक्ती हगवण आलीच. पहिल्या वर्षी पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं, मी तीन दिवस ताक आणि हळद करत बसलो. 22 पैकी 8 पिल्लं गेली. पशुवैद्यक डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिलं, त्यावर उरलेली उभी राहिली. हळदीवर माझा राग नाही, पण आतड्यातला तो परजीवी हळदीला विचारत नाही. आता तूस रोज उलथून घेतो, ओला भाग काढून टाकतो, पाण्याची भांडी विटेवर उंच ठेवतो. बाकी काही नाही. गेल्या पावसाळ्यात एकही पिल्लू गेलं नाही.

करवीर तालुका, गुऱ्हाळाशेजारी

तुसाच्या जागी आम्ही चिपाडाचा भुगा घातला, फुकट मिळतो म्हणून. वरून कोरडा, आत बुरशी. पिल्लं तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. चिपाड वापरायचंच असेल तर कडक वाळलेलं वापरा. गुळाचं मात्र चांगलं सांगतो: विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं प्रवासानं मलूल असतात, पहिलं पाणी गुळाचं द्या, तरतरी येते. पहिल्या दिवसापुरतंच हं. गोड पाणी सांडलं की मुंग्या पिल्लांना फोडून काढतात, हेही आमच्याकडं होऊन गेलंय.

राजारामपुरी

आमचा कोंबडा पहाटे तीनला आरवायचा. रस्त्याच्या दिव्यामुळं आरवतो म्हणून खुराड्यावर ताडपत्री, वर पोतं, वर गोधडी. तरी तीनला. कोंबडा आतल्या घड्याळावर आरवतो, उजेड दिसला नाही तरी, हे 2013 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, असं मुलानं वाचून दाखवलं. शेजाऱ्यांना जपानी संशोधन पटलं नाही. कोंबडा आता मेव्हण्याच्या शेतावर आहे.

भुदरगड

खुडूक कोंबडीचं कुणी लिहिलं नाही अजून. अंड्यावर बसवायची नसेल तर आमच्यात तिच्या नाकात पीस घालायचे. मला ते बघवत नाही. डालग्याखाली कोंडून बघितलं, तिथंपण फुगून बसली. शेवटी जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर ठेवला, पोटाखालनं वारा लागला पाहिजे. चार दिवसांत खुडूक मोडली.

आणि बसवायची असेल तर आई अंड्यांत लोखंडाचा खिळा ठेवायची. वळवाच्या गडगडाटानं अंडी खराब होतात म्हणून. मी एकदा खिळा न ठेवता बसवली, 13 पैकी 11 फुटली, बरोबर 21 व्या दिवशी. आईला सांगितलं तर म्हणाली, यंदा गडगडलंच कुठं.

प्रयाग चिखली

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराचं लिहितो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका, त्या साली पाणी 55 च्या वर गेलं. बोट आली तेव्हा म्हशी आधीच सोडलेल्या, कोंबड्या 11. बोटीवरच्या पोरानं नुसतं माझ्याकडं बघितलं, मी डालगं खाली ठेवलं. स्लॅबवर अर्धं पोतं मका फोडून टाकला आणि गेलो. नऊ दिवसांनी आलो तर टाकीच्या आडोशाला 5 जिवंत होत्या. एकीनं माझ्या पोराच्या हेल्मेटात अंडी घातलेली. इलाज म्हणाल तर खुराडं धुऊन, चुना मारून पंधरा दिवस उन्हात रिकामं ठेवलं. तोवर त्या पाच स्वयंपाकघरात.

हातकणंगले तालुका

हे सगळं वाचून हसलो, पण मानमोडीचं लिहिल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही.

दोन वर्षांखाली एका आठवडी बाजारातनं दोन कोंबड्या आणल्या. एक जरा झिंगल्यागत वाटली, विकणारा म्हणाला, उन्हानं झालंय. घरी आणून सरळ बाकीच्यांत सोडल्या. पाचव्या दिवशी हिरवी-पांढरी हगवण, मग माना पिळल्यागत वाकड्या, काही तर मागं मागं चालायला लागल्या. लसूण झाला, हळद झाली, कांद्याचा रस झाला, एका पाहुण्यानं अंगारासुद्धा आणून दिला. 17 पैकी 14 गेल्या, आठवड्यात. त्यातली एक सहा वर्षांची होती, रोज संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन बसायची.

डॉक्टर म्हणाले, ही राणीखेत, विषाणूचा रोग, झाल्यावर औषधच नाही. कुमाऊंतल्या राणीखेतजवळ 1927 मध्ये आढळला म्हणून ते नाव. लस एवढाच उपाय: पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बीचं इंजेक्शन. मेलेल्या ओढ्याला टाकू नका, खोल खड्डा, वर चुना. नवीन कोंबडी आणली की पंधरा दिवस लांब बांधा. आणि आजारी कोंबडी बाजारात खपवणाऱ्याला काय म्हणायचं ते इथं लिहिता येत नाही.

पुढची फजितीपण ऐका. लस आणली मे महिन्यात, शर्टाच्या खिशातनं, एसटीनं. घरी पोचेपर्यंत लस अंघोळीच्या पाण्यागत कोमट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, ही आता नुसती बाटली. लस बर्फातच आणायची, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. बाटली 100 पक्ष्यांची, माझ्याकडं उरलेल्या 3. दुसऱ्यांदा गल्लीतल्या सहा घरांनी मिळून आणली.

मंगळवार पेठ

उंबऱ्यावरचं वाचून आत जाऊन माझ्या अंडीखाऊला बघून आलो.

कळंबा

आमच्या 10 जणांना एकही लस झालेली नाही, आत्ताच कळलं मला हे. मी शुक्रवारी दवाखान्यातनं आणते. कळंबा-पाचगावात अजून कुणाच्या आहेत का? थर्मास माझा.

पाचगाव

माझ्या 14. मागच्या गल्लीत मामींच्या वीसेक असतील, विचारतो. बर्फ मी आणतो.