पाचट ठेवूनही उसात गांडुळं नाहीत, मदत हवी आहे

काळीमाती: यंदा पहिल्यांदाच पाचट (उसाची वाळकी पानं) पेटवलं नाही. वर दोन किलो गांडुळं विकत आणून सोडली. दोन महिने झाले, खणून खणून दमलो, एक दिसेना. काय चुकतंय? लवकर सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी लावतो काडी.

माळरान: नवी लागण की खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस)? पाणी पाटाचं की ठिबक? खणताय कुठं?

काळीमाती: खोडवा, ठिबक. सरीत, म्हणजे दोन ओळींमधल्या चरात खणतोय, पाचट तिथंच आहे ना.

शिवारकर: विकतची बहुतेक आयसेनिया फेटिडा असणार. ती शेणाच्या ढिगातली, उघड्या रानात टिकत नाहीत. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं पाणी) सुरू करा, गावरान गांडुळं आपोआप वर येतात. सहा वर्षांचा अनुभव आहे.

माळरान: जीवामृतानं सरीत ओल येणार आहे का? गांडूळ कातडीनं श्वास घेतं, कातडी सुकली की संपलं. उन्हाळ्यात ते खाली जाऊन वेटोळं करून पडून राहतं. ओल ठिबकच्या नळीखाली, पाचट सरीत. मग ते सरीत कशाला येईल?

बांधावरचा: ठिबक काढा. आमच्याकडं पाटपाणी, गांडुळं भरपूर.

माळरान: काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतली हवा जाते, गांडुळं वर येतात आणि उन्हात मरतात. तो उपाय नको.



खोडवेवाला: पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू टाकले का? त्याशिवाय लवकर कुजत नाही.

शिवारकर: पुन्हा युरियाच! शेण कशाला आहे मग?

खोडवेवाला: माझं कुजलं, म्हणून सांगतोय. हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) काही टाकलं होतं का?

काळीमाती: हो, लागणीला दाणेदार औषध. त्याचा इथं काय संबंध?

खोडवेवाला: अहो, हे आधी सांगायचं. त्यातली बरीच औषधं गांडुळांनाही मारतात.

काळीमाती: आज ड्रिपरखाली फूटभर खड्डा घेतला. पाचटाच्या ओल्या पात्याच्या खालच्या अंगाला मोहरीएवढ्या मातीच्या गोळ्या, म्हणजे गांडुळांची विष्ठा, चिकटलेल्या. खाली तीन गांडुळं, एक गाठ मारल्यासारखं. सरीत मात्र पाचट उचललं तर धूळच. आता पाचट नळीखाली ओढतो. लाइट रात्रीच असते, एक दिवसाआड तासभर पाणी सोडलं तर पुरेल?

माळरान: तासावर जाऊ नका. सकाळी पाचटाखालची माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. पुढं हुमणीचं औषध टाकण्याआधी इथं विचारा.