इनलँड स्पाउसल स्पॉन्सरशिप चालू आहे. ओहिप (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) मिळेपर्यंत बायकोच्या उपचारांचं काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रॅम्प्टनला, म्हणजे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात. मी पीआर (कायम रहिवासी), बायको व्हिजिटर व्हिसावर आलेली. इनलँड अर्ज, म्हणजे कॅनडात एकत्र राहूनच तिच्या पीआरसाठीचा अर्ज, भरला, एओआर (अर्ज मिळाल्याची पोच) मागच्या आठवड्यात आली. इमिग्रेशनच्या मेडिकलची सूचना अजून नाही. तिच्या व्हिजिटर मुदतीचे सात आठवडे उरलेत. इथे घेतलेली व्हिजिटर विमा पॉलिसी तीन आठवड्यांत संपते. आणि ती दहा आठवड्यांची गरोदर आहे.

एओआर दाखवून ओहिप मिळेल का? नाही तर कधी मिळेल, आणि तोवर तपासण्या आणि बाळंतपण कसं निभवायचं? माझ्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये तिचं नाव घालता येईल का? घरची मंडळी म्हणतात, बाळंतपणाला नाशिकला पाठव. नेमकं सांगितलंत तर फार मदत होईल.

रानजाई

गोदाकाठ, वहिनींचं अभिनंदन. आता एकेक घेऊ.

एओआरवर ओहिप मिळत नाही. अर्ज हाती आला, एवढंच ती सांगते. ओंटारियोचा नियम असा आहे की पीआरसाठी अर्ज केलेल्या व्यक्तीला ओहिप मिळतं, पण अर्जदार पात्र आहे अशी खात्री आयआरसीसीने (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने) दिलेली हवी आणि अर्ज नाकारलेला नसावा. इनलँडमध्ये ही खात्री पहिल्या टप्प्याच्या मंजुरीच्या पत्राने होते, ज्याला सगळे एआयपी म्हणतात. ते हातात पडलं की त्याच दिवशी सर्व्हिसओंटारियो (प्रांताचं सेवा कार्यालय) गाठा. पूर्वी नव्याने येणाऱ्यांना तीन महिने थांबावं लागायचं, तो नियम मार्च २०२० पासून नाही. पत्र ईमेलने येतं, त्यामुळे स्पॅमचा कप्पाही रोज बघत चला.

नवरा पीआर किंवा नागरिक आहे, एवढ्यावर बायकोला ओहिप मिळत नाही. वर्क परमिटवर पूर्णवेळ काम करणाऱ्या पात्र कामगाराच्या जोडीदाराला मात्र त्याच्याबरोबर मिळतं. त्यामुळे शेजारच्या घरातल्या वहिनींना मिळालं आणि आपल्याला का नाही, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. दोघींच्या कागदाचा प्रकार वेगळा असतो, इतकंच.

दुसरी वाट ओपन वर्क परमिटची, म्हणजे एका ठरावीक मालकाला न बांधलेल्या कामाच्या परवान्याची. एओआर आली आहे, तेव्हा आजच तयारीला लागा. आयएमएम ५७१० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. फी १५५ अधिक १०० म्हणजे २५५ डॉलर, बायोमेट्रिक्स लागलं तर ८५ वेगळे. तुम्ही दोघं एकाच पत्त्यावर राहत असणं आवश्यक आहे. अर्ज व्हिजिटर मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. तसा गेला तर निर्णय येईपर्यंत ती कायदेशीर राहू शकते, पण परमिट हातात येईपर्यंत काम करता येत नाही. मुदत उलटली तर स्टेटस परत मिळवायला ९० दिवसांची सोय आहे, पण त्या फंदात पडायला नको. सात आठवडे आहेत, दोन आठवड्यांत काम उरका.

परमिट आलं म्हणजे लगेच ओहिप आलं असंही नाही. ओंटारियोतल्या मालकाकडे पूर्णवेळ काम हवं, आणि ते किमान सहा महिन्यांचं असल्याचं मालकाचं पत्र हवं. सहा महिने काम *करून झालेलं* असायला हवं असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा. नेमणूक सलग सहा महिन्यांची आहे असं पत्रात असलं की पुरे. पत्र लेटरहेडवर, सही आणि तारखेसह. त्यात मालकाचं नाव, पद, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि सुरू झाल्याची तारीख हवी. यातली एक गोष्ट राहिली तरी काउंटरवरून परत पाठवतात. ओळखीच्या दुकानदाराकडून नुसतं कागदोपत्री पत्र घेऊ नका. ओहिपसाठी खोटी माहिती देणं हा आरोग्य विमा कायद्याखाली गुन्हा आहे.

मेडिकल न होता मिळालेल्या वर्क परमिटवर शाळा, पाळणाघर, रुग्णालय अशा ठिकाणी काम करायला मनाई छापलेली असते. वहिनी शिक्षिका किंवा नर्स असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

तिसरा प्रहर

विम्याबद्दल. पॉलिसी संपायला तीन आठवडे आहेत, तर संपायच्या *आधी* वाढवा. एक दिवसही खंड पडला तर ती नवी पॉलिसी धरतात. मग आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस कव्हर नसतं, आणि मधल्या काळात निघालेलं दुखणं ‘आधीपासूनचं’ ठरतं.

पॉलिसीतले तीन परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. पहिला, आधीपासूनच्या आजारांसाठीचा स्थिरतेचा काळ. तो ९०, १२० किंवा १८० दिवसांचा असतो आणि त्या काळात औषधाचा डोस जरी बदलला तरी दुखणं ‘अस्थिर’ धरलं जातं. कमी केलेला डोससुद्धा बदलच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर याचा फार विचार करा, कारण गरोदरपणात तिचा डोस बहुधा बदलतो. म्हणून विम्यासाठी डोस बदलायचं टाळायचं नाही, हेही स्पष्ट सांगतो. दुसरा, गरोदरपणाचा. नेहमीच्या तपासण्या आणि बाळंतपण व्हिजिटर पॉलिसीत जवळजवळ नेहमीच वगळलेलं असतं. काही पॉलिसी ठरावीक आठवड्यापर्यंत अचानक उद्भवलेली गुंतागुंत घेतात. तो आठवडा कोणता, हे एजंटकडून लेखी घ्या. तिसरा, परताव्याचा. ओहिप सुरू झाल्यावर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात, पण बहुतेक ठिकाणी एकही क्लेम केलेला नसावा अशी अट असते. म्हणून शंभर डॉलरच्या किरकोळ बिलासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा.

भारतातल्या मेडिक्लेमवर इथे अवलंबून राहू नका. तो साधारणपणे भारतातल्या रुग्णालयांपुरता असतो.

ग्रुप इन्शुरन्सचं म्हणाल तर नाव घालता येईलही, पण त्या योजना प्रांताच्या विम्यावर रचलेल्या असतात. औषधं, दात, चष्मा, फिजिओथेरपी असं ओहिपच्या बाहेरचं त्या देतात. डॉक्टर आणि रुग्णालयाचं बिल ओहिप देतंय असं गृहीत धरतात. कित्येक योजनांत जोडीदाराला प्रांताचा विमा असणं हीच अट असते. एचआरला एकच प्रश्न ईमेलने विचारा: जोडीदाराकडे ओहिप नसताना कोणता भाग लागू होतो? उत्तर जपून ठेवा.

मोगरा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वहिनींची तपासणी कागदांसाठी थांबवू नका. दहा आठवडे झालेत, रक्तचाचण्या आणि पहिली सोनोग्राफी आत्ताच व्हायला हवी.

उद्या सकाळी मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) क्लिनिकला फोन करा. ओंटारियोत मिडवाइफची सेवा प्रांताच्या पैशातून चालते आणि ओंटारियोत राहणाऱ्या बाईला ओहिप नसलं तरी त्या फी घेत नाहीत. ‘ओहिप नाही, पीआरचा अर्ज चालू आहे’ हे पहिल्याच फोनवर सांगा. लॅब आणि सोनोग्राफीचा खर्च त्यांच्यामार्फत कितपत भागतो, तेही तेव्हाच विचारा. त्यांच्याकडच्या जागा फार लवकर भरतात, म्हणून एकाच क्लिनिकच्या यादीत नाव घालून बसू नका. आसपासच्या तीन-चार ठिकाणी नोंदवा. त्याबरोबर कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. ही केंद्रं विमा नसलेल्यांनाही बघतात. फक्त प्रत्येकाची हद्द ठरलेली असते, तुमचा पिनकोड त्यात बसतो का ते आधी पाहा.

मिडवाइफ मोफत असली तरी रुग्णालयाचं बिल वेगळं येतं. सिझेरियन झालं तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि खोलीचं भाडं यांची बिलं स्वतंत्र. कोविडच्या काळात ओंटारियो सरकार विमा नसलेल्यांचे रुग्णालयाचे पैसे भरत होतं, ती योजना ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. नेटवर अजून तिचे जुने सल्ले फिरतात, त्यांवर जाऊ नका. विसाव्या आठवड्याच्या आसपास रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून विमा नसलेल्यांसाठीचे दर लेखी मागा. नॉर्मल, सिझेरियन आणि जादा दिवस, तिन्हींचे. आगाऊ रक्कम किती, हप्ते पाडून देतात का, हे तेव्हा शांतपणे बोलता येतं. कळा सुरू झाल्यावर नाही. प्रकृती धोक्याची नसेल तर मिडवाइफच्या देखरेखीखाली बर्थ सेंटरमध्येही बाळंतपण होतं. टोरांटोत आणि ओटावात अशी केंद्रं आहेत.

इमिग्रेशनचं मेडिकल निघालं की पॅनेल डॉक्टरला (आयआरसीसीने नेमलेल्या डॉक्टरला) गरोदर असल्याचं सांगा. छातीचा एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो. तो पुढे ढकलला तर फाइलचा वैद्यकीय भाग तोवर अपुरा राहतो, एवढं धरून चाला. एक्स-रे आत्ता करायचा की नंतर, ते वहिनींनी आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवावं.

गोदाकाठ

खूप आभार. मिडवाइफचं माहीतच नव्हतं, उद्याच फोन करतो. आणखी तीन शंका. एक, आत्ता दवाखान्याच्या नोंदी झाल्या किंवा ओहिप घेतलं तर अर्जावर वाईट परिणाम होईल का? आम्हाला एकाने तसं घाबरवलंय. दोन, भाडेकरार, वीजबिल सगळं माझ्या नावावर आहे, तिचा पत्त्याचा पुरावा काय? तीन, नाशिकचं काय?

रानजाई

पहिल्याबद्दल निश्चिंत राहा. उपचारांचा सरकारवर जास्त बोजा पडेल म्हणून पीआर नाकारण्याचं कलम इमिग्रेशन कायद्यात आहे, पण स्पॉन्सर केलेल्या पती-पत्नीला ते लागू होत नाही. तुम्ही सही केलेली हमी बायको पीआर झाल्यापासून तीन वर्षांची. त्या काळात तिने सरकारी निर्वाह भत्ता, म्हणजे ओंटारियो वर्क्ससारखी मदत घेतली तर ती तुम्हाला फेडावी लागते. ओहिप त्यात मोडत नाही. या भीतीपोटी बायका तपासणी टाळतात, हे फार वाईट आहे.

पत्त्यासाठी याच आठवड्यात जॉइंट बँक खातं उघडा आणि महिन्याचं स्टेटमेंट टपालाने घरी मागवा. भाडेकरारात तिचं नाव घालून घरमालकाची नवी सही घ्या. सर्व्हिसओंटारियोत तीन वेगवेगळे मूळ कागद लागतात: स्टेटसचा, पत्त्याचा आणि ओळखीचा. एकच कागद दोन कामांना चालत नाही. म्हणजे परमिट किंवा एआयपी स्टेटससाठी, स्टेटमेंट पत्त्यासाठी, पासपोर्ट ओळखीसाठी. झेरॉक्स किंवा फोनवरचा फोटो चालत नाही.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावात. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर काही वेगळं, बँकेत नवऱ्याचं नाव मधे घातलेलं. जे नाव इमिग्रेशनच्या कागदावर तेच बँकेत, भाडेकरारात आणि मालकाच्या पत्रात ठेवा, अक्षरासकट. पासपोर्टवरचं नाव बदलायचा विचार असेल तर पीआर होईपर्यंत तो बाजूला ठेवा.

आणि काउंटरवर तोंडी ‘नाही’ म्हणाले तर तिथून तसेच निघू नका. नकार लेखी मागा आणि ओहिपच्या पात्रता समितीकडे फेरतपासणीचा अर्ज करा. त्यावरही अपील करता येतं, पण त्याची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. पत्र आलं त्याच दिवशी तारीख पाहा.

मोगरा

नाशिकबद्दल. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हाताखाली, ही ओढ अगदी समजते. पण इनलँड अर्जात दोघांनी कॅनडात एकत्र राहणं हाच पाया असतो. ती बाहेर गेली आणि परत येताना विमानतळावर प्रवेश नाकारला तर अर्ज कोसळतो, आणि इनलँडच्या नकारावर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येत नाही. शिवाय तुम्ही पीआर आहात, नागरिक नाही. बाळ नाशिकला जन्मलं तर ते कॅनडाचं नागरिक नसेल, त्याच्यासाठी वेगळी स्पॉन्सरशिप करावी लागेल. तिला खरंच माहेरी जायचं असेल तर इनलँड अर्ज मागे घेऊन फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे कॅनडाबाहेरून करायच्या प्रकारात, भरायचा का, हे परवानाधारक सल्लागाराशी बोलून आत्ताच ठरवा, सातव्या महिन्यात नाही.

पॅसिफिकवारा

वाचणाऱ्यांपैकी कुणी ब्रिटिश कोलंबियात असेल तर तिथलं गणित वेगळं आहे. रहिवाशाच्या जोडीदाराचा पीआर अर्ज चालू असल्याचा आयआरसीसीचा कागद असेल तर एमएसपीसाठी (तिथल्या सरकारी विम्यासाठी) अर्ज करता येतो, एआयपीपर्यंत थांबावं लागत नाही. मात्र चालू महिना अधिक दोन महिने अशी प्रतीक्षा आहे. वरचे ओंटारियोचे नियम दुसऱ्या प्रांताला लावू नका.

मोगरा

एक राहिलं. बाळाच्या विम्याची काळजी करू नका. ओंटारियोत जन्मलेलं तुमचं बाळ जन्मतःच नागरिक, त्याचं ओहिप आईवर अवलंबून नाही. बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तरी त्याचा खर्च त्याच्या ओहिपमधून जातो, आईचं बिल तेवढं वेगळं राहतं. रुग्णालयातच किंवा मिडवाइफकडून नवजात बाळाच्या ओहिप नोंदणीचा फॉर्म मागून घ्या. त्याची नंबर असलेली पावती फाडून देतात, कार्ड येईपर्यंत तीच दाखवायची. जन्मनोंदणी हा वेगळा ऑनलाइन अर्ज आहे, तो केला म्हणजे ओहिप झालं असं नाही. आणि बाळ झाल्याचं आयआरसीसीला वेबफॉर्मवरून कळवा, जन्मदाखला जोडून.