मदत हवी आहे: जाहिरातीच्या खात्यातून बाबांचं कार्ड कसं काढू?

राजेहो, आम्ही वरूडकडचे. आंबिया बहाराची संत्री थेट गिऱ्हाइकाला विकायला ऑनलाइन जाहिरात दिली होती. माल गेला, जाहिरात थांबवली, पण खातं सुरूच आहे. त्यात बाबांचं डेबिट कार्ड मुख्य म्हणून जोडलेलं. दुसरं जोडल्याशिवाय ते निघत नाही. दुसरं कार्ड घरात आहे कोणाकडे! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची आपोआप कपात ओटीपीशिवाय होते, म्हणून बाबा सारखे पासबुक घेऊन बसतात. आधी बँकेतून मँडेट (आपोआप कपातीची ती मंजुरी) रद्द करू, की राहिलेलं बिल भरून खातंच बंद करू? बंद केल्यावरही जाहिरातीवर आधी झालेल्या क्लिकचे पैसे कापतात काय जी? स्वतः केलं असेल त्यांनीच सांगा. इनबॉक्समध्ये ओटीपी मागणारे दूरच बरे.