घाट उतरताना गिअर की ब्रेक?

मोकळा_घाट

ड्रायव्हिंग स्कूलवाले गिअर वर कसे टाकायचे ते नीट शिकवतात. खाली कधी आणायचे, हा विषय मात्र शेजारच्या सीटवर बसलेल्या मामांवर सोडलेला असतो, आणि जितके मामा तितकी मतं. एक मामा "ब्रेकला पाय लावू नकोस, गिअरवर उतरव" म्हणतात. दुसरे म्हणतात, "इंजिनाला कशाला ताण? ब्रेक काय शोभेला दिलेत?" तिसरे उतार दिसला की सरळ न्यूट्रल करतात.

माझं मत आधीच मांडतो, मग ठोका. वेग कमी करायचं काम ब्रेकचं. कमी केलेला वेग लांब उतारावर तसाच धरून ठेवायचं काम गिअरचं. म्हणून सपाट रस्त्यावर सिग्नल आला की पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा अशी जपमाळ ओढणं मला निरर्थक वाटतं. ब्रेक दाबा, गाडी हळू झाली की त्या वेगाला जो गिअर लागेल तो थेट टाका. पाचव्यातून एकदम तिसऱ्यात गेल्याने गिअरबॉक्सचं काही बिघडत नाही, फक्त वेग तेवढा उतरलेला हवा.

घाटात हिशेब वेगळा. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून १३०० किलोची गाडी असेल, तर हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता उरलेल्या ऊर्जेत दहा-पंधरा लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये ओतायची? वाईत पोचल्यावर काही गाड्यांच्या चाकांशी करपल्याचा वास येतो तो याचाच. तिसरा किंवा दुसरा टाकून उतरलं तर बराच भार इंजिन घेतं आणि ब्रेक वळणांसाठी शिल्लक राहतात.

लाल_डबा

घाटाबद्दल बोललात ते मान्य, पण सिग्नलबद्दल अजिबात नाही. एकेक गिअर खाली आणणाऱ्याची गाडी कायम योग्य गिअरमध्ये असते. तुम्ही पाचव्यात ब्रेक दाबत चाललात आणि मध्येच सिग्नल हिरवा झाला, किंवा मागून ट्रक अंगावर आला, तर आधी गिअर शोधा, मग पळा. तेवढ्या वेळात गाडी नॉक करत मेलेली असते.

आणि घाटाचा नियम आमच्या पिढीला एका ओळीत शिकवला होता: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्याला लिटर आणि किलोचं गणित लागत नाही.

मोकळा_घाट

काका, तो नियम त्या काळच्या इंजिनांसाठी बरोबर होता. प्रीमियर पद्मिनीची ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. ती बोरघाट दुसऱ्या-तिसऱ्यात धापा टाकत चढायची, त्यामुळे उतरतानाही आपोआप तोच गिअर योग्य ठरायचा. आजची टर्बो पेट्रोल गाडी तोच चढ चौथ्यात हसतखेळत चढते. तिला चौथ्यातच उतरवलं तर ब्रेकवरचा पाय खालपर्यंत उचलताच येणार नाही. मी कसोटी अशी लावतो: सरळ उतारावर ब्रेकवरून पाय काढला आणि वेग वाढत राहिला, तर अजून एक गिअर खाली हवा.

ॲव्हरेज_बावीस

तुम्हा दोघांनाही पेट्रोल फुकट मिळतं वाटतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांवर बोंबलत असतं, न्यूट्रलमध्ये आठशेवर शांत. जास्त फेरे म्हणजे जास्त पेट्रोल, हे शाळेतलं पोरही सांगेल. हलक्या उतारावर मी न्यूट्रल करतो, इंजिन चालू ठेवतो, ब्रेक हाताशी असतात. आजवर काही झालेलं नाही.

गॅरेजमागचा

पोराला पुन्हा शाळेत पाठवा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत तुमचं म्हणणं थोडंफार खरं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, गाडी गिअरमध्ये असली आणि फेरे साधारण दीड हजाराच्या वर असले, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला हवं, म्हणजे पेट्रोल पिणारच. बोंबलणारं इंजिन उपाशी असतं आणि शांत वाटणारं खात असतं. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर बघा, गिअरमध्ये उतरताना आकडा टोकाला जाऊन बसतो.

इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. कारच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साठा पुरतो, मग पेडल दगड होतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने कित्येक गाड्या चेपल्या. उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो उतार डोळ्यांना फारसा जाणवतही नाही.

ॲव्हरेज_बावीस

इंजिन बंद करा असं मी कुठे म्हटलं? पण इंजेक्टरचं माहीत नव्हतं. उद्या मीटर बघतो. आकडा नाही हलला तर इथेच येऊन भांडेन.

उजवं_इंडिकेटर

मला या सगळ्या गिअरभक्तीत दोन गोष्टी खटकतात. एक, तुम्ही गिअरवर गाडी हळू करता तेव्हा मागचा ब्रेकलाइट लागत नाही. मागच्याला कसं कळणार? हायवेवर पाचव्यातून तिसरा मारून वेग उतरवणारे महाभाग माझ्यापुढे रोज असतात.

दुसरी, पैशाची. छोट्या गाडीचे पुढचे ब्रेकपॅड तासाभरात, थोड्या पैशात बदलून मिळतात. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि बिल कित्येक पट येतं. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू झिजवणं हा कुठला शहाणपणा? खंबाटकीसारख्या घाटात खालचा गिअर जरूर टाका, शहरात ब्रेक वापरा.

मोकळा_घाट

ब्रेकलाइटचा मुद्दा शंभर टक्के. उतारावर गिअर टाकण्याआधीही मी पेडलला हलका पाय लावतो, निदान दिवा तरी लागतो.

क्लचचं मात्र तसं नाही. गिअर खाली आणल्याने क्लच झिजत नाही, वाईट रीतीने आणल्याने झिजतो. ॲक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडला की कमी फेऱ्यांवरच्या इंजिनाला वर ओढायचं काम क्लचप्लेट घासून करते. बहुतेक छोट्या गाड्यांत चौथ्यातून तिसऱ्यात येताना त्याच वेगाला फेरे साधारण एक तृतीयांशाने वाढावे लागतात, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना जवळपास दीडपट. म्हणजे तिसऱ्यात दोन हजार असतील तर दुसऱ्यात तीन हजार. क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस देऊन इंजिन तिथपर्यंत आणलं आणि मग क्लच सोडला, तर गाडीला हिसका बसत नाही आणि प्लेटही घासत नाही. मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा झाला नाही, म्हणजे जमलं.

पहिल्या गिअरचा मोह मात्र टाळा. दुसऱ्यातून पहिल्यात फेरे जवळपास दुप्पट होतात. चालत्या गाडीत तो फक्त अगदी तीव्र उतारावर, रांगणाऱ्या वेगात.

लाल_डबा

आम्ही यासाठी डबल क्लच करायचो. एकदा दाबून न्यूट्रल, सोडून रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. जुन्या ट्रकचे गिअर त्याशिवाय पडायचेच नाहीत, खडखडाट व्हायचा. आता गिअरचे वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश आहे, तर पोरं हौसेखातर करतात आणि व्हिडिओ टाकतात.

पावसाचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. ओल्या आंबेनळी घाटात ऐन वळणात दुसरा टाकून क्लच फटकन सोडलात तर पुढची चाकं क्षणभर धरली जातात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागची बाजू बाहेर फेकली जाते. चाक लॉक होऊ लागलं तर एबीएस ब्रेक सोडू शकतं, तुमचा क्लच नाही. गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय शांत.

उजवं_इंडिकेटर

हे मात्र पटलं काका. एएमटीवाल्यांनी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, स्वतःच गिअर बदलणाऱ्या गाडीवाल्यांनी, काय करायचं तेही सांगा, माझी तीच आहे.

गॅरेजमागचा

मॅन्युअल मोड असतो, दांडा तिकडे सरकवा आणि वजा दाबून दुसरा-तिसरा धरून ठेवा. डीमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिकवर, सोडली तर बऱ्याच गाड्या उतारावर वरचा गिअर घेऊन मोकळ्या होतात.

आणि गिअर कुठलाही टाका, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपासच. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ते बदलायचं असतं हेच माहीत नसतं.

लाल_डबा

बदलतो. पण सिग्नलला गिअर एकेकच खाली आणणार.